यंत्रमानवाची प्रतिकृति: जुळणी आणि पारख

अठरा मीटर उंचीचा यंत्रमानव म्हणजे धानोऱ्याच्या रानांतील एखाद्या उंच सागाएवढा देह. तोच १४४ पटींनीं लहान केला कीं उंची साडेबारा सेंटिमीटर भरते. जपानी दूरचित्रवाणीवर १९७९ सालीं आलेल्या ‘गंडम’ मालिकेंतील हा यंत्रवीर; बांदाई कंपनीनें त्याचा प्लॅस्टिकचा सुटा संच १९८० च्या जुलैंत विक्रीस काढला.

संचांतील भाग चौकटींना जोडलेले येतात. आरंभीं ते चिकटवावे लागत. पुढें खुंटी भोंकांत दाबून बसविण्याची सोय झाली. भाग सोडवितांना घाई करूं नये. धारेची बारीक पक्कड प्रथम भागापासून थोडी दूर चालवावी, उरलेलें टोंक मागाहून कापावें आणि पॉलिशपेपरनें हलकेंच घासावें. एकदम मुळाशीं कापल्यास प्लॅस्टिक ताणलें जाऊन पांढरा डाग पडतो.

पारख तीन गोष्टींची करावयाची. सांध्याची फट दिसते काय? पाय वळविल्यावर मूर्ति स्वतःच्या भारावर उभी राहते काय? आणि प्रमाण साधलें आहे काय? हा तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. चिलखताची कड मिलिमीटरभर जाड असली, तर मूळ देहावर तो चौदा सेंटिमीटरांहून जाड पत्रा ठरतो! अशा कडा बोजड दिसल्या कीं महाकायाचा भास मावळतो आणि केवळ खेळणें उरतें.

घरीं संच आणतांना मूल तो स्वतः जुळवूं शकेल काय, हें आधीं पाहावें. वडिलांनींच जुळवून दिला, तर फळीवर एक शोभेची वस्तु वाढेल. मुलाच्या हाताला मात्र कांहींच वळण लागणार नाहीं.