धुके, दव आणि हिम

हिवाळ्यातील निरभ्र रात्री दिघी परिसरातील जमिनीची उष्णता विनाअडथळा आकाशात निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातील काही बाष्पाचे पाणी होते. हे पाणी गवतावर, पत्र्यांवर साचले तर ते दव. धूलिकणांभोवती सूक्ष्म थेंबांच्या रूपाने हवेत तरंगले तर ते धुके. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच होय.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत पानांवर पांढरा थर दिसतो. त्यास वृत्तपत्रे कधी कधी ‘हिमवर्षाव’ म्हणतात, ते योग्य नव्हे. तेथे वरून काहीच पडलेले नसते. हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही पाने त्याहून अधिक गार होतात आणि त्यांवरील दव गोठते.

हिम मात्र ढगात जन्मते. तेथे 0 अंशाखालीही पाण्याचे थेंब द्रवरूपात राहू शकतात. एखाद्या कणावर बर्फाचा स्फटिक तयार झाला, की तो भोवतालचे बाष्प घेऊन षट्कोनी आकारात वाढतो. थेंब आटत जातात. दिघीवरील उंच ढगांतही असे स्फटिक असतात. परंतु खाली येताना उबदार हवेत ते वितळतात आणि आपल्या अंगणात पाऊस म्हणून पडतात.