सारखा, जणू आणि तोच

गणेशोत्सवात लालबागचा रस्ता पाहून कुणी म्हणतं, 'गर्दी समुद्रासारखी उसळते आहे.' ही झाली उपमा. शाळेत आपण तिचे चार भाग शिकलो. गर्दी हे उपमेय, समुद्र हे उपमान, उसळणं हा दोघांतला समान धर्म आणि 'सारखी' हा साम्य दाखवणारा शब्द. 'गर्दी जणू समुद्रच' म्हटलं की उत्प्रेक्षा. 'जनसागर लोटला' म्हटलं की रूपक. तिथं गर्दी आणि सागर वेगळे उरतच नाहीत.

आमच्या घरात मराठीबरोबर उर्दूही नांदली. उर्दूत उपमेला तशबीह म्हणतात आणि रूपकाला इस्तिआरा. या मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे उसनं घेणं. मला ही व्याख्या फार आवडते. उपमा 'सारखा' म्हणून उसनवारी कबूल करते. रूपक मात्र उसना अंगरखा स्वतःचाच म्हणून मिरवतं.

उसनं घ्यायचं तर शेजारी ओळखीचा हवा. 'धोट्यासारख्या येरझाऱ्या काय घालतोस?' असं म्हटलं तर मागावर राबलेल्या माणसाला ते फोड करून सांगावं लागणार नाही. उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा त्यानं दिवसभर पाहिलेला असतो. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. आज परळच्या मुलाला धोटा समजावून द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात उपमेतला जीव जातो.

चांगलं रूपक किती थोडक्यात काम करतं, ते नारायण सुर्वे यांच्या 1966 सालच्या संग्रहाच्या नावात पाहा: 'माझे विद्यापीठ'. गिरणीत राबलेला, शाळेत शिपाईगिरी केलेला कवी आपल्या जगण्याला विद्यापीठ म्हणतो. शिक्षण कशाला म्हणायचं, हा सगळा वाद त्या दोन शब्दांत येतो.

पण रूपक जपून वापरावं लागतं. परळला 1941 पासून टाटा रुग्णालय आहे. कर्करोगाबद्दल बोलताना आपण सहज 'लढाई', 'झुंज' म्हणतो. काहींना त्यानं बळ येतं. माझ्या नात्यातल्या एका बाईंना डॉक्टरांनी आता उपचार थांबवू या म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे मी लढण्यात कमी पडले का रे?" रोग शत्रू ठरला की रोगी सैनिक होतो, आणि मरण हा त्याचा पराभव ठरतो. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी स्वतः कर्करोग सोसल्यावर 1978 साली याच विषयावर पुस्तक लिहिलं.

म्हणून लिहिणाऱ्यांना मी एक साधी कसोटी सांगतो. रूपक सुचलं की त्यात 'सारखा' घालून वाचा आणि विचारा, कोणत्या बाबतीत सारखा? नेमकं उत्तर आलं, तर 'सारखा' काढून टाका, रूपक उभं राहील. उत्तर आलं नाही, तर उसनं घेतलेलं ज्याचं त्याला परत करा. आणि ते रूपक एखाद्या माणसाबद्दल असेल, तर त्याच्या समोर बसून ते उच्चारता येईल का, हेही स्वतःला विचारा.