हरभऱ्याच्या मुळांची राखण करणारे जिवाणू

बुलढाणा जिल्ह्यातील शेतीचा विचार करताना घाटावरचा भाग आणि घाटाखालचा भाग असा भेद नेहमी केला जातो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर आहेत, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद पूर्णा नदीच्या खोऱ्यात. पाऊस, जमीन आणि पाणी यांत फरक असला तरी खरिपात सोयाबीन व तूर आणि सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात रब्बीचा हरभरा हा क्रम दोन्हीकडे रुळला आहे. आणि पिकांच्या या क्रमाबरोबर मुळांवाटे शिरणारे रोगही जमिनीत मुक्काम ठोकून राहिले आहेत.

त्यांपैकी सर्वांत ओळखीचा म्हणजे मर रोग. हरभऱ्याचे हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते, पाने सुकतात, आणि उपटून पाहिले तर मूळ वरून धडधाकट दिसते. मात्र तेच मूळ चाकूने उभे चिरले की मधोमध तपकिरी-काळसर रेघ दिसते. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळातून आत शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका व्यापते आणि जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. पीक नसतानाही या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू सहा वर्षांपर्यंत जमिनीत तग धरतात, त्यामुळे एखादा हंगाम हरभरा टाळल्याने रान निर्धोक होत नाही. तुरीवरील मर याच कुळातील दुसऱ्या बुरशीमुळे येतो, तर सोयाबीनचे धसकट नीट कुजले नसेल तर स्क्लेरोशियम ही वेगळी बुरशी त्यावर पोसून हरभऱ्याच्या रोपांची मान कुजवते.

या शत्रूंना तोंड देणारे सूक्ष्मजीवही त्याच मातीत असतात. वनस्पती पानांत तयार केलेल्या अन्नाचा काही भाग शर्करा, अमिनो आम्ले आणि सेंद्रिय आम्ले यांच्या रूपाने मुळांवाटे मातीत सोडते, आणि त्या अन्नाभोवती मुळालगतच्या काही मिलिमीटरच्या थरात जिवाणूंची दाट वस्ती होते. मुळाच्या प्रभावाखालील या थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 साली ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. मराठीत त्याला मूळपरिसर म्हणता येईल. रोगकारक बुरशीला मुळापर्यंत पोहोचायचे तर हाच थर ओलांडावा लागतो, म्हणून तेथे आधी कोण वस्तीला आले यावर पुढचे बरेच काही ठरते.

स्युडोमोनास फ्लोरेसेन्स हा जिवाणू येथे कसा काम करतो हे काळ्या जमिनीच्या संदर्भात विशेष पाहण्यासारखे आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या जमिनीत लोह विपुल असते, पण चुनखडी आणि विम्लता यांमुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. सजीवांच्या हाती लागणारे लोह अगदी थोडे उरते. अशा टंचाईत हा जिवाणू लोहाला घट्ट पकडणारे पदार्थ बाहेर सोडतो. त्यांना सिडेरोफोर म्हणतात. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बशीवर अतिनील प्रकाश टाकला की यांतलाच पिवळसर हिरवा पदार्थ चमकतो. बुरशीही असे पदार्थ बनवते, परंतु लोहावरील तिची पकड सहसा कमी पडते, आणि लोहाविना तिच्या बीजाणूंचे अंकुरणे मंदावते. शिवाय स्युडोमोनासचे काही वाण बुरशीला मारक ठरणारी प्रतिजैविकेही तयार करतात.

बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचे मुख्य शस्त्र म्हणजे आयट्युरिन व फेन्जायसिन यांसारखी लिपोपेप्टाइडे, म्हणजे स्निग्ध भाग जोडलेल्या अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या. त्या बुरशीच्या पेशीपटलाला भोके पाडतात. प्रतिकूल काळात हा जिवाणू टणक बीजाणूचे रूप घेऊन उष्णता व कोरडेपणा सोसतो, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात साठवणुकीसाठी तो स्युडोमोनासपेक्षा भरवशाचा ठरतो.

सर्वांत विलक्षण भाग मात्र जिवाणू आणि बुरशी यांची समोरासमोर गाठच पडत नाही तेव्हाचा आहे. 1991 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी कार्नेशनच्या मुळांना स्युडोमोनास लावला आणि मर रोगाची बुरशी थेट खोडात टोचली. दोघांची भेट होणे शक्य नसतानाही झाडांना रोगापासून संरक्षण मिळाले. मुळावरील जिवाणूच्या सान्निध्याने संपूर्ण झाडाची संरक्षणव्यवस्था सज्ज होते, हल्ला झाल्यावर ती अधिक त्वरेने प्रतिसाद देते, आणि याला प्रेरित प्रतिकारशक्ती म्हणतात.

या सगळ्यांतून निघणारी व्यावहारिक गोष्ट एकच, आणि नेमकी तीच वारंवार दुर्लक्षिली जाते: हे जिवाणू औषध नव्हेत, ते आगाऊ संरक्षण आहे. झाड सुकू लागल्यावर बुरशी मुळाच्या आत नलिकांत असते आणि तेव्हा बुडाशी ओतलेले द्रावण ते झाड वाचवू शकत नाही. म्हणून पेरणीआधीची बीजप्रक्रिया हाच खरा मोका होय. रासायनिक बुरशीनाशक वापरायचे असल्यास ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जिवाणू संवर्धन सर्वांत शेवटी लावावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. सोयाबीनच्या बियाण्याचे साल नाजूक असल्याने ते चोळताना हात हलका ठेवावा लागतो. नत्र स्थिर करणाऱ्या रायझोबियमचे 250 ग्रॅमचे पाकीट 10 किलो बियाण्यास लावण्याची रीत सर्वपरिचित आहे. मात्र त्याचे काम खताचे आहे, रोगापासून राखण करण्यासाठी वेगळे जिवाणू लागतात. ट्रायकोडर्माही उपयुक्तच, परंतु तो जिवाणू नसून मित्रबुरशी आहे, आणि बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर तो बहुधा जगत नाही.

मर रोगाविरुद्ध जिवाणूंवरच सारी भिस्त ठेवणे योग्य नाही. जॅकी 9218 सारखा रोगाला दाद न देणारा हरभऱ्याचा वाण, ज्वारी-गव्हासारख्या पिकांची फेरपालट आणि चांगले कुजलेले शेणखत यांच्या जोडीनेच त्यांचा गुण येतो. सेंद्रिय पदार्थ घटलेल्या जमिनीत बाहेरून आणलेल्या जिवाणूंचे टिकणे अवघड होते. शेणखताकडे पाठ फिरवून पाकिटांवर खर्च करणे म्हणूनच तोट्याचे.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात प्रश्न आणखी कठीण आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या या पट्ट्यात भूजल खारे आणि जमीन चोपण, त्यामुळे गोड्या पाण्याच्या जमिनीतून निवडलेला जिवाणूंचा वाण येथे रुजेलच असे नाही. क्षार सोसणारे स्थानिक वाण शोधून पारखणे भाग आहे. लोणारच्या उल्काविवरातील सरोवराचे पाणी अतिशय विम्लधर्मी असूनही त्याच्या गाळातून अनेक क्षारप्रिय बॅसिलस वेगळे करण्यात आले आहेत, म्हणजे अशा परिस्थितीत तगणारे जीव याच जिल्ह्यात आहेत. सरोवरातला जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर टिकेल का, हे मात्र शेतातील चाचण्यांवरच ठरू शकते, आणि त्या चाचण्यांसाठी शेगाव-संग्रामपूरच्या चोपण रानातील, रोगाच्या साथीतही हिरव्या राहिलेल्या हरभऱ्याच्या मुळांभोवतीची माती तितकीच मोलाची आहे.