शेजारी बसणे आणि एकत्र येणे
लोकशाहीचे रीतिरिवाज : लेखांक ९

सभागृहात कोण कुठे बसते यालाही अर्थ असतो, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आता पुढचा प्रश्न. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे प्रतिस्पर्धी ठरवून शेजारी बसले, तर त्यातून काय साधते? उत्तरासाठी अमेरिकेतले २०११ हे वर्ष तपासण्यासारखे आहे. ८ जानेवारीला ॲरिझोना राज्यातल्या टूसॉनमध्ये, एका दुकानाबाहेर मतदारांना भेटत असलेल्या डेमोक्रॅटिक प्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी झाडली गेली. त्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. त्यांत एक संघीय न्यायाधीश होते आणि नऊ वर्षांची एक मुलगी होती. त्यानंतर कोलोरॅडोचे सिनेटर मार्क उडाल यांनी पुढाकार घेतला. २५ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या वार्षिक अभिभाषणाच्या वेळी दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मधल्या वाटेच्या अल्याडपल्याड न बसता मिसळून बसावे, असे त्यांनी सुचवले. अनेकांनी ते मानले. डेमोक्रॅट चक शूमर रिपब्लिकन टॉम कोबर्न यांच्या शेजारी बसले, तर जॉन केरी यांच्या जोडीला जॉन मॅकेन होते. ॲरिझोनाच्या सदस्यांमध्ये एक खुर्ची गिफर्ड्स यांच्यासाठी रिकामी ठेवली होती.

त्या रात्री सभागृहाचे रूप बदलले, हे मान्य केले पाहिजे. एरवी अर्धे सभागृह उठून टाळ्या वाजवते आणि उरलेले अर्धे ढिम्म बसून राहते. शेजारीच दुसऱ्या पक्षाचा माणूस असला की कळपाने उठणे अवघड होते. पण उन्हाळ्यात सरकारची कर्जमर्यादा वाढवण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्याच सभागृहाने देशाला दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत नेले. तडजोडीच्या कायद्यावर सही झाली ती २ ऑगस्टला, अगदी मुदतीच्या दिवशी. तीनच दिवसांनी ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’ने अमेरिकेचे पतमानांकन इतिहासात प्रथमच खाली आणले आणि कारणे देताना राजकीय ताणाताणीवरही बोट ठेवले. जानेवारीतला सद्भाव खोटा होता, असे मी म्हणणार नाही. त्याने कुणाकडून काही मागितले नव्हते, एवढेच. खुर्ची बदलणाऱ्या एकाही सदस्याला स्वतःच्या मतदारांसमोर जाऊन ‘तुम्हाला न आवडणारी ही गोष्ट मी मान्य केली’ असे सांगावे लागले नाही.

माझे म्हणणे असे की, ऐक्याच्या खुणेचे मोल ती करणाऱ्याने काय सोडले यावर ठरते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेचा निवृत्तिवेतनाचा निधी आटत चालला होता. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांचे धोरणांवरून कायम वाजत असे. तरीही ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालील द्विपक्षीय आयोगातून तोडगा निघाला. करवाढ नको म्हणणाऱ्यांनी वाढीव कर स्वीकारला. निवृत्तीचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ वर नेण्याची, डेमोक्रॅट नेतृत्वाला न रुचणारी तरतूदही कायद्यात आली. २० एप्रिलला सहीच्या समारंभात दोन्ही पक्षांचे नेते एकत्र उभे राहिले ते हे सारे पदरात घेऊन. आपल्याकडचे उदाहरणही याच जातीचे आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढे नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्यावर कडाडून टीका करणाऱ्या पक्षांनी लढण्याचा हक्कच त्या वेळी बाजूला ठेवला. राजकीय पक्षाला याहून मोठे काय सोडता येते?

यावर एक आक्षेप असा की, मग किंमत न मोजलेल्या साऱ्या खुणा नाटकीच म्हणायच्या का? तसे नाही. राजकीय हिंसेनंतर नेत्यांनी शेजारी बसण्याने अनुयायांना एक गोष्ट स्पष्ट कळते: समोरचा माणूस प्रतिस्पर्धी आहे, शत्रू नव्हे. तेवढ्यापुरती ती खूण पुरेशी आणि आवश्यकही आहे. तडजोडीचे काम मात्र तिच्यावर सोपवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विरोध हा लोकशाहीचा प्राण, तेव्हा ऐक्याची एवढी ओढ धोक्याची नाही का? निश्चितच असू शकते. ११ सप्टेंबर २००१ च्या संध्याकाळी दोन्ही पक्षांचे सदस्य कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर एकत्र गायले. त्या दृश्याने देशाला धीर दिला. पण तीनच दिवसांत लष्करी बळाच्या वापराला मोकळीक देणारा ठराव सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला, आणि पुढची अनेक वर्षे, अनेक देशांतल्या कारवायांसाठी त्याचाच आधार घेतला गेला. विरोधातले एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते, आणि त्यासाठी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. इथेही कसोटी तीच लागू पडते. त्या दिवशी होकार देणे सोपे होते. किंमत मोजली ती नकार देणाऱ्या एकटीने. ज्या ऐक्यात सोबत येणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही आणि वेगळे बोलणाऱ्याला सारे सोसावे लागते, त्याला ऐक्य म्हणू नये. तो दबाव असतो.

म्हणून हातात हात घातलेल्या नेत्यांचे छायाचित्र पाहताना नागरिकाने विचारावे, यात कुणी काय दिले? जानेवारी २०११ मध्ये एका खुर्चीचा मान राखला गेला. त्यात कळकळ होती. १ ऑगस्टला कर्जमर्यादेच्या तडजोडीवर मतदान सुरू असताना गिफर्ड्स स्वतः सभागृहात आल्या. जखमांतून त्या अजून सावरत होत्या, पण आपल्या गैरहजेरीने देशाची अर्थव्यवस्था कोसळण्याचा धोका त्यांना पत्करायचा नव्हता. दोन्ही बाजूंचे सदस्य उठून टाळ्या वाजवू लागले. गिफर्ड्स यांनी बाजूने मत दिले आणि विधेयक २६९ विरुद्ध १६१ मतांनी संमत झाले. सहा महिन्यांपूर्वी सभागृहाने शेजारी कसे बसावे हे दाखवले होते. एकत्र येणे कशाला म्हणतात, ते त्या दिवशी तिथवर चालत आलेल्या गिफर्ड्स यांनी दाखवले.

(पुढील आठवड्यात : एकट्याचे विरोधी मत आणि त्याची नोंद)