कार्ड नव्हे, नोंदवही

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. नेमक्या त्याच दिवसांत लंडनच्या संसदेपुढे एक विधेयक होतं, ब्रिटनची राष्ट्रीय ओळखपत्र योजना मोडीत काढण्याचं. टेंभलीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ते विधेयक संसदेपर्यंत कसं पोचलं, याबद्दल मराठीत लिहिलेलं माझ्या फारसं वाचनात आलेलं नाही, म्हणून हा मागोवा.

ब्रिटनला ओळखपत्र नवीन नव्हतं. १९३९ साली युद्धासाठी ते सक्तीचं झालं. युद्ध संपलं, तरी कार्ड चालूच राहिलं. सुरुवातीला त्याची कामं तीन होती, ती वाढत वाढत एकोणचाळीसवर गेली. ७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनच्या फिंचली भागात एका पोलिसानं क्लॅरेन्स विलकॉक या माणसाची मोटार थांबवून कार्ड मागितलं. त्यानं ते दाखवायला साफ नकार दिला. खटला वरच्या न्यायालयात गेला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी विलकॉकचा दोष कायम ठेवला, पण शिक्षा दिली नाही. उलट युद्धासाठी केलेला कायदा असा ऊठसूट वापरल्यानं सज्जन माणसं कायद्याच्या विरोधात जातात, असं पोलिसांनाच सुनावलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डं बंद झाली.

पन्नास वर्षांनी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी हा विषय पुन्हा काढला, तेव्हा लोक त्यांच्या बाजूनं होते. २००४ च्या एका जनमत चाचणीत सुमारे ८० टक्के लोकांनी ओळखपत्राला होकार दिला होता. दहशतवाद, बेकायदा स्थलांतर, सरकारी मदतीतली फसवणूक या सगळ्यांवर एकच औषध म्हणून योजना पुढे आली होती. ‘मी काही गुन्हा केलेला नाही, मग लपवायचं काय?’ हा प्रश्न तिथेही घरोघरी होता. त्याच वर्षी ‘नो टू आयडी’ ही मोहीम उभी राहिली. तिच्यात डावे होते, उजवे होते, संगणक क्षेत्रातले होते आणि कुठल्याच पक्षात नसलेलेही होते.

या मोहिमेचं खरं काम लंडनबाहेर, गावागावांतल्या छोट्या गटांनी केलं. शनिवारी बाजारपेठेत टेबल मांडायचं, पत्रकं वाटायची, स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहायचं, आपल्या खासदाराला गाठायचं, नगर परिषदेत विरोधाचा ठराव आणायचा. टेबलाशी थांबलेल्या माणसाशी ते कार्डावर वाद घालत बसत नसत. कार्ड तुमच्या खिशात राहील, पण त्यामागची नोंदवही कुणाच्या हातात असेल, एवढंच विचारत. ‘नॅशनल आयडेंटिटी रजिस्टर’ नावाच्या त्या नोंदवहीत माणसाबद्दलच्या पन्नासएक बाबी, दहा बोटांचे ठसे, आजवर राहिलेले सगळे पत्ते आणि नोंद कधी, कुणी तपासली याचाही हिशेब राहणार होता. पत्ता बदलल्याचं कळवलं नाही, तर हजार पौंडांपर्यंत दंड. चर्चेचा रोख कार्डावरून नोंदवहीकडे वळवणं हे या मोहिमेचं सगळ्यात मोठं यश, असं मला वाटतं.

जून २००५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी खर्चाचा अंदाज मांडला: दहा वर्षांत १,०६० कोटी ते १,९२० कोटी पौंड. सरकार सांगत होतं सुमारे ५८० कोटी. त्याच उन्हाळ्यात मोहिमेचे समन्वयक फिल बूथ यांनी एक जाहीर शपथ मांडली. मी नाव नोंदवणार नाही आणि खटले लढवायच्या निधीला दहा पौंड देईन, पण आणखी दहा हजार जण तयार असतील तरच. काही आठवड्यांत दहा हजार जण तयार झाले.

कायदा तरीही झाला, मार्च २००६ मध्ये. लॉर्ड्स सभागृहानं विधेयक पुन्हा पुन्हा परत पाठवलं आणि शेवटी तडजोड झाली. २०१० पर्यंत पासपोर्ट काढणाऱ्याला कार्ड नाकारता येईल, नोंदवहीत मात्र नाव जाईलच. टेबलावरची माणसं दोन वर्षं जे सांगत होती, ते सरकारनं अशा रीतीनं कायद्यातच लिहून दिलं. मोहिमेनं मग लोकांना सांगितलं की मुदत शिल्लक असली तरी पासपोर्ट आत्ताच नवा करून घ्या, म्हणजे दहा वर्षं नोंदवहीबाहेर राहाल.

करखात्याच्या दोन सीडी टपालात हरवल्याचं नोव्हेंबर २००७ मध्ये उघड झालं. त्यांत बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांतल्या अडीच कोटी लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा आणि बँक खात्यांचे तपशील होते. ज्यांना एवढं सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती बोटांचे ठसे द्यायचे का, हे विचारायला आता टेबल मांडायची गरज उरली नव्हती. योजनेला असलेला पाठिंबा निम्म्याच्या आसपास आला. विमानतळावरच्या कामगारांवर कार्डाची सक्ती करायचा प्रयोग वैमानिकांच्या विरोधामुळे २००९ मध्ये सोडावा लागला. त्याच वर्षअखेर मँचेस्टरमध्ये तीस पौंडांत ऐच्छिक कार्ड मिळू लागलं. शेवटपर्यंत अशी कार्डं निघाली पंधरा हजारांच्या आसपास, तोवरचा खर्च मात्र २५ कोटी पौंडांच्या वर गेला होता.

मे २०१० मध्ये सरकार बदललं, डिसेंबरात कायदा रद्द झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये एसेक्समधल्या विटॅम इथे मंत्री डेमियन ग्रीन यांच्या हजेरीत नोंदवहीच्या सुमारे ५०० हार्ड डिस्क यंत्रात घालून चुरडल्या गेल्या. सरकारनं स्वतः जमवलेली माहिती स्वतःच्या हातानं नष्ट केल्याची अशी उदाहरणं फार थोडी आहेत, आणि त्याचं श्रेय मी त्या शनिवारच्या टेबलांना देतो.

पण एक कार्ड चुरडलं गेलं नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटननं पहिली ओळखपत्रं दिली ती परदेशी विद्यार्थ्यांना आणि लग्नाच्या व्हिसावर आलेल्यांना. सुरुवात मुद्दाम परक्यांपासून केली आहे, पुढची पाळी सगळ्यांची, असा इशारा मोहिमेनं तेव्हाच दिला होता. नागरिकांची नोंदवही गेली, तरी परक्यांचं कार्ड वेगळ्या कायद्याखाली असल्यानं चालूच राहिलं. तिथे शिकायला, नोकरीला गेलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी बोटांचे ठसे देऊन ते खिशात बाळगलं. नागरिकांना जी सुटका मिळाली, ती परक्यांना मिळाली नाही, आणि हे या विजयातलं मोठं उणं आहे. २०२४ अखेर ते कार्डही संपलं, त्याच्या जागी डिजिटल नोंद आली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी सगळ्यांसाठीच डिजिटल ओळखपत्र आणण्याचं जाहीर केलं. त्याविरोधातल्या अर्जावर २५ लाखांहून अधिक सह्या झाल्या.