तुंबलेल्या पाण्यातील लेप्टो

कोणताही रोगजंतू माणसाच्या शरीराबाहेर कोठे आणि किती काळ तग धरतो, हे कळल्याशिवाय त्या रोगाला आवर घालण्याची दिशा ठरत नाही, आणि मुंबई व कोकणात दर पावसाळ्यात डोके वर काढणारा लेप्टोस्पायरोसिस, अर्थात बोलीतला ‘लेप्टो’, हे याचे ठळक उदाहरण आहे. १८८६ मध्ये जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी या आजाराच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन केले. त्याला कारणीभूत असलेला लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू पुढे तीसेक वर्षांनी जपानी संशोधकांनी शोधून काढला.

हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात वस्ती करतो आणि त्यांना फारसा त्रास न देता त्यांच्या मूत्रावाटे सतत बाहेर पडत राहतो. गुरे, कुत्री आणि डुकरे यांच्याकडूनही तो पसरतो. कोरडेपणा, कडक ऊन आणि खारे पाणी त्याला सोसत नाही; उलट उबदार, ओलसर माती आणि साचलेले गोडे पाणी मिळाले, तर तो कित्येक आठवडे जिवंत राहतो. म्हणूनच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून गटारे, उकिरडे आणि रस्ते यांचे पाणी एक झाले, तेव्हा त्या पाण्यातून वाट काढणाऱ्यांपैकी अनेकांना पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोने गाठले.

पायाची भेग, खरचटलेली कातडी किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या आतील नाजूक आवरण एवढी वाट जिवाणूला पुरते, आणि संसर्गानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांनी थंडीताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना आणि डोळ्यांची लाली दिसू लागते. डेंग्यू किंवा साधा फ्लू समजून दुखणे अंगावर काढले, तर काही रुग्णांत कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्रावही होतो. रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, पहिल्या काही दिवसांत चाचणीत सापडतीलच असे नाही. त्यामुळे अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून प्रतिजैविके सुरू करणे डॉक्टरांना भाग पडते. लक्षणे दिसण्याआधीच औषध घेता यावे, म्हणून तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे, असा सल्ला दिला जातो. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेवर घेतल्यास आजाराचा धोका कमी होतो, मात्र गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते.

हा रोग माणसाकडून माणसाला क्वचितच होतो, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवून साथ थांबत नाही. कचरा वेळेवर उचलणे, उंदरांची बिळे बुजवणे आणि गोठ्यातील मूत्राचा निचरा करणे, हीच येथील खरी प्रतिबंधक कामे ठरतात. शिवाय ‘पाण्यात उतरू नका’ हा उपदेश गटारे साफ करणाऱ्या कामगाराच्या किंवा कोकणात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या शेतकरी स्त्रीच्या काय कामाचा? गमबूट आणि हातमोजे कामगाराला पालिकेने पुरवलेच पाहिजेत, आणि लावणीच्या दिवसांत ताप आलेल्या प्रत्येकाला उपचार तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत न जाता गावातल्या उपकेंद्रातच मिळायला हवेत.