गर्दीचा आराखडा: थीम पार्कांविषयीचे काही गैरसमज

अमेरिकेतल्या लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा ऑर्लँडोबद्दल दोन गोष्टी हमखास सांगतात. एक तिथली स्वच्छता आणि दुसरी, पायांची लागलेली वाट. दिवसभरात जेमतेम पाच राइड झाल्या, बाकी नुसतं चालणं आणि उभं राहणं, ही तक्रार खरीच असते. गल्लत होते ती दोष कुणाच्या माथी मारायचा यात. जागा कमी ठेवली, तिकिटं जास्त विकली, नियोजनच नाही, असं आपण ठरवून मोकळे होतो. डिस्नेच्या पार्कांचे नकाशे जरा नीट पाहिले तर वेगळंच दिसतं. ज्यावर आपण चिडतो ते बरेचदा विचार करून केलेलं असतं, आणि खरी खोट नेमकी कौतुकाच्या जागी असते.

गैरसमज: पार्क मोठं केलं की गर्दी कमी होते

फ्लोरिडातलं मॅजिक किंग्डम सुमारे 100 एकरांचं आहे. त्याच मालकाचं, तिथून जवळच असलेलं ॲनिमल किंग्डम 500 एकरांच्याही वर आहे. हिशेबाने दुसऱ्या पार्कात मोकळा श्वास घेता यायला हवा. पण 22 एप्रिल 1998 ला ते उघडलं तेव्हा पाहुण्यांच्या वाट्याला आलेल्या राइड मोजक्या होत्या. बाकीची जमीन हत्ती, जिराफ, पाणघोडे यांची. माणसं वावरणार ती ठरावीक वाटांवर, पुलांवर आणि त्या मोजक्या राइडांच्या दारात. एवढं मोठं पार्क, पण अर्ध्या दिवसात संपतं, अशी त्याची ख्याती झाली.

मोजायचं असतं ते एकरांत नव्हे, ताशी माणसांत. कुठली राइड तासाला किती माणसं आत घेऊन बाहेर सोडते, हा या धंद्यातला पहिला प्रश्न. मंगल कार्यालय कितीही ऐसपैस असो, वाढपी चारच असतील तर पंगत उठत नाही. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मध्ये होड्यांची माळ अखंड चालू असते. तासाला अडीच हजारांच्या आसपास माणसं ती सहज नेते. उलट लहान मुलांचा लाडका 'डम्बो' घ्या. 16 हत्ती, एकेकात दोघं, मिनिट-दीड मिनिटाची फेरी, आणि प्रत्येक फेरीनंतर मुलांना उतरवून नव्यांना बसवण्यात जाणारा वेळ. कितीही घाई केली तरी तासाला पाच-सहाशेच्या पुढे जाणं कठीण. म्हणजे डम्बोची रांग लांब असते ती राइड फार भारी म्हणून नाही, तिचं तोंड लहान म्हणून. 2012 मध्ये मॅजिक किंग्डममध्ये शेजारी दुसरा डम्बो उभा केला आणि रांगेच्या जागी वातानुकूलित तंबूत मुलांना खेळायला सोडलं. इतकी वर्षं तेच का केलं नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

गैरसमज: झटपट रांगेमुळे सगळ्यांचा वेळ वाचतो

1999 मध्ये डिस्नेने 'फास्टपास' आणला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या वेळेला यायचं आणि वेगळ्या दाराने आत शिरायचं. तो फुकट होता. 2021 पासून पैसे मोजून घ्यायच्या योजनेने त्याची जागा घेतली. कल्पना इतकी शहाणपणाची वाटते की हिशेब करायला कुणी थांबत नाही.

आपण करून पाहू. समजा एक राइड तासाला 1000 माणसं नेते आणि तुमच्या पुढे साध्या रांगेत 600 जण आहेत. सगळे एकाच रांगेत असते तर 36 मिनिटांत तुमचा नंबर. आता त्यातल्या ताशी 700 जागा चिठ्ठीवाल्यांना राखून दिल्या. साध्या रांगेला उरल्या 300. तेच 600 जण पुढे असताना तुम्हाला आता दोन तास लागतील. राइड जराही वेगवान झालेली नाही. फक्त एकाचा वेळ दुसऱ्याच्या खिशात गेला.

हे अनेकांच्या लक्षात येतं. मांडणीवर काय परिणाम होतो, हे येत नाही. रांगा ही पार्काची कोठारं असतात. कठड्यांच्या नागमोडी वळणांत, छताखाली, शेकडो माणसं उभी असतात तेव्हा ती रस्त्यावर नसतात. चिठ्ठी मिळालेला माणूस मात्र मधला तास रस्त्यावर, दुकानात, बाकावर काढतो. मॅजिक किंग्डमचे 1971 मधले रस्ते या माणसांसाठी आखलेलेच नव्हते. 'रस्तेच अरुंद ठेवलेत' असं आपण म्हणतो खरं, पण पूर्वी त्याच रुंदीत भागत होतं.

गैरसमज: मधला चौक आणि किल्ला ही आदर्श मांडणी आहे

वास्तुशास्त्राच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या आर्किटेक्चरच्या, वर्गात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा हा नकाशा कौतुकाने दाखवला जातो. एकच प्रवेशद्वार, तिथून सरळ जाणारी मेन स्ट्रीट, तिच्या टोकाला उंच किल्ला, किल्ल्यापुढे गोल चौक आणि चौकातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले रस्ते. माणूस हरवत नाही. किल्ल्याकडे पाहिलं की आपण कुठे आहोत ते कळतं. कॅलिफोर्नियातला किल्ला जेमतेम 77 फुटांचा आहे, पण वरच्या मजल्यांच्या विटा-खिडक्या लहान करत नेल्यामुळे उंच भासतो. फ्लोरिडातला 189 फुटांवर थांबवला आहे. 200 फुटांपुढे विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता आणि सिंड्रेलाच्या महालावर तो कसा दिसला असता, ते सांगायला नको.

दिवसा हे सगळं झकास चालतं. पण रात्री आतषबाजी असते, ती किल्ल्यावर. सबंध पार्क एकाच चौकात, एकाच दिशेला तोंड करून उभं राहतं, आणि शेवटचा बाण विझला की सगळेच्या सगळे एकाच मेन स्ट्रीटवरून बाहेर पडू पाहतात. मिरवणुकीच्या वेळी तर तोच रस्ता दोरखंडांनी बंद होतो आणि पार्काचे दोन तुकडे पडतात. पलीकडच्या स्वच्छतागृहाला जायचं तरी वळसा. गर्दीच्या रात्री कर्मचाऱ्यांच्या मागच्या वाटा पाहुण्यांसाठी उघडाव्या लागतात. फ्लोरिडात 2014-15 च्या सुमारास किल्ल्यापुढच्या खंदकाचा काही भाग बुजवून चौक मोठा केला. 16 जून 2016 ला उघडलेल्या शांघायच्या पार्कात मेन स्ट्रीटऐवजी आखूड मिकी ॲव्हेन्यू आहे आणि चौकाच्या जागी एक मोठी बाग. कागदावर या दुरुस्त्या किरकोळ वाटतात. खरं तर कंपनीने आपल्याच सर्वांत गाजलेल्या नकाशातली खोट त्यांतून कबूल केली आहे.

गैरसमज: डिस्नेलँडची सर्वांत मोठी फजिती पहिल्या दिवशी झाली

17 जुलै 1955 ची कथा रंगवून सांगितली जाते आणि ती खरी आहे. निमंत्रितांच्या दिवशी खोट्या निमंत्रणपत्रिकांनी जवळपास दुप्पट माणसं घुसली. नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. प्लंबरांचा संप होऊन गेला होता, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. मोकळ्या जागी झाडं लावायला वेळ उरला नाही, तेव्हा रानटी तणांपुढेच लॅटिन नावांच्या पाट्या रोवल्या, असंही सांगतात. हे सगळं वर्षभरात पार्क उभं करण्याच्या घाईचं फळ. काही आठवड्यांत निस्तरलं गेलं.

निस्तरता न आलेली चूक जमिनीची होती. ॲनाहाइमला 160 एकर घेतले आणि भोवतालच्या संत्र्यांच्या बागा इतरांसाठी सोडल्या. पाहता पाहता कुंपणालगत मोटेल आणि झगमगत्या पाट्यांची रांग उठली. पाहुण्यांचा बराच पैसा तिकडे जाऊ लागला आणि वाढायला जागाही उरली नाही. त्यात बाहेरचं जग दिसू नये म्हणून पार्काभोवती मातीचा उंच बांध घातलेला, आणि बांधावरून आगगाडी फिरणारी. दृष्टी अडवण्यासाठी केलेली ही युक्ती पुढे वाढीलाच आडवी आली.

मग अभियंत्यांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत सुरस वाटतं. 1967 ची 'पायरेट्स' आणि 1969 चा 'हाँटेड मॅन्शन' यांच्या मोठ्या इमारती त्यांनी बांधाबाहेर बांधल्या. आता पाहुण्यांना रुळांखालून तिकडे न्यायचं कसं? 'पायरेट्स'मध्ये होडी धबधब्यावरून दोनदा खाली कोसळते आणि आपण किंचाळतो. ते कोसळणं म्हणजे रुळांखाली उतरायची सोय आहे. 'हाँटेड मॅन्शन'मध्ये ज्या खोलीच्या भिंती ताणल्या गेल्यासारख्या उंच होत जातात, ती खोली म्हणजे चक्क लिफ्ट. आपण भिंतींकडे आ वासून पाहत असताना जमीन खाली चाललेली असते. फ्लोरिडात जागेची अडचण नव्हती, त्यामुळे तिथे तीच खोली लिफ्ट नाही. छत वर जातं. तिथल्या 'पायरेट्स'मध्ये होडीही एकदाच कोसळते. जगभर वाखाणले गेलेले दोन प्रसंग एका चुकलेल्या जमीनखरेदीतून जन्मले.

त्या चुकीचा धडा मात्र पक्का बसला. फ्लोरिडात दुसऱ्या कंपन्यांच्या नावांनी, गुपचूप, सुमारे 27,000 एकर घेतले गेले. डिस्नेचं नाव 1965 मध्ये फुटलं तोवर बहुतेक व्यवहार उरकले होते.

गैरसमज: पार्किंग इतकं लांब ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा

मॅजिक किंग्डमला गाडी लावली की दार समोर नसतं. आधी वाहनतळावरून तिकीटघरापर्यंत, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट, तळं ओलांडल्यावर दार. लहान मूल कडेवर असेल तर संताप येतो. पण हे मुद्दाम आहे. गाड्यांचं रान नजरेआड व्हावं, पाण्यापलीकडे किल्ला हळूहळू मोठा होत यावा, म्हणून ते तळं खोदलं. आमच्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डलाही बहुतेक मुंबईकर लाँचनेच जात. तिथे ती खाडीची सक्ती होती, इथे ठरवून केलेलं नाटक. नाटकाचा पहिला अंक उत्तम आहे. शेवटच्या अंकात, रात्री अकराला पेंगुळलेलं पोर घेऊन त्याच बोटीची वाट पाहताना, कुणाला किल्ला आठवत नाही. रचना करणाऱ्यांनी येणाऱ्या माणसाचा विचार केला, जाणाऱ्याचा केला नाही.

त्या तळ्याची माती कुठे गेली, यातच दुसरा एक लोकप्रिय समज निकालात निघतो. मॅजिक किंग्डमखालचे कर्मचाऱ्यांचे बोगदे जमिनीखाली आहेत, असं सगळे सांगतात. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, त्यांवर नि भोवती तळ्याची माती ओतली आणि वर पार्क उभारलं. आपण रस्त्यावर चालतो असं वाटतं तेव्हा आपण दुसऱ्या मजल्यावर असतो.

(दर तीस पावलांवर कचऱ्याची टोपली असते हेही असंच एक पाठ झालेलं वाक्य. टोपल्या भरपूर असतात, अंतर जागेप्रमाणे बदलतं. मोजून पाहणाऱ्यांनी निराश होऊ नये.)

गैरसमज: एक नकाशा जमला की तो कुठेही चालतो

2001 मध्ये डिस्नेलँडच्या जुन्या वाहनतळावर 'कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर' उघडलं. कॅलिफोर्नियात येऊन कॅलिफोर्नियाची प्रतिकृती पाहायची, ही मुळातली अडचण होतीच. शिवाय बांध नाही, त्यामुळे आतून बाहेरचं शहर दिसे. नजर खेचून घेणारा किल्ला नाही. चिमुरड्यांसाठी फारसं काही नाही. पुढे एक अब्जाहून जास्त डॉलर ओतून 2012 पर्यंत जवळपास नव्याने मांडणी करावी लागली.

हाँगकाँगचं पार्क 2005 मध्ये उघडलं. फेंगशुईसाठी प्रवेशद्वाराचा कोन बदलला, स्थानकाकडून येणाऱ्या वाटेला वळण दिलं. इतकी काळजी घेतलेल्या याच पार्काला 2006 च्या चिनी नववर्षात दारं बंद करावी लागली. तिकीट सहा महिन्यांत कुठल्याही दिवशी चालणारं होतं, आणि मुख्य भूमीवरच्या लोकांची सुट्टी एकाच आठवड्यात होती. तिकीट असलेली माणसं बाहेर अडकली. कुंपणावरून मुलं पलीकडे दिल्याची दृश्यं वर्तमानपत्रांत आली. दाराचा कोन अचूक होता, सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

आणि पॅरिस. 1992 मध्ये तिथे थंडी-पावसाचा विचार झाला होता: मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना छप्पर असलेले बोळ आहेत आणि ते आजही पार्कातल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी आहेत. आपल्याकडे 2013 मध्ये खोपोलीला इमॅजिका उभं राहिलं तेव्हा 'मिस्टर इंडिया', 'सलीमगढ', 'डीप स्पेस' अशा कितीतरी राइड इमारतींच्या आत ठेवल्या, तेही याच जातीचं शहाणपण. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस कुणाला माफ करत नाही. पण पॅरिसमध्ये हवामान कळलं, माणसं कळली नाहीत. युरोपीय माणूस सकाळी फारसं खात नाही, असं कुणीतरी सांगितलं आणि हॉटेलांतली न्याहारीची जागा लहान ठेवली गेली. साडेतीनशे खुर्च्यांच्या ठिकाणी अडीच हजार जण न्याहारीला येऊन उभे राहू लागले. जेवणाबरोबर वाइन मिळत नाही म्हणून फ्रेंच मंडळी फुरंगटली, ती बंदी 1993 मध्ये उठवली. पर्यटकांच्या बसगाड्या आणणाऱ्या चालकांसाठी पन्नासेक जणांना पुरतील एवढी स्वच्छतागृहं होती. गर्दीच्या दिवशी चालक येत दोन हजार.